मुकादमबाईची कबुली

माझ्या नोकरीत हाताखालून किती आरोपी गेले, ते मी मोजलेलं नाही. बरेचसे चेहरे आता पुसले गेले आहेत. एक बाई मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते, आणि ती आठवली की मी खुर्चीत आपोआप नीट बसतो. तिला मी चोरीच्या गुन्ह्यात अटक केली होती. तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला होता आणि शिक्षाही भोगली होती. तपास अधिकाऱ्याला याहून गोड प्रकरण मिळत नाही. तरीही तुमची सर्वांत मोठी चूक कोणती, असं कोणी विचारलं तर मी हेच प्रकरण सांगतो.

तेव्हा मी बोईसर परिसरातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. माणसांची, कारखान्याची नावं इथे देत नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनी ती मनात ठेवावी.

औद्योगिक वसाहतीतल्या ठाण्याचं दुखणं ठरलेलं असतं. तांबं, पितळ, केबल. रात्रपाळीचा वॉचमन झोपतो, सकाळी काहीतरी कमी असतं आणि दहाच्या सुमारास मॅनेजर अर्ज घेऊन ठाणे अंमलदारापुढे उभा. त्या वर्षी दसऱ्यानंतर अशीच एक फिर्याद आली. एका रसायनाच्या कारखान्याच्या स्टोअरमधून पितळेचे व्हॉल्व्ह गेले होते. व्हॉल्व्ह म्हणजे पाइपातला प्रवाह चालू-बंद करायचा भाग, मुठीएवढा पण चांगला वजनदार. फिर्याद द्यायला स्टोअरकीपर स्वतः आला होता. शर्ट इस्त्रीचा, अक्षर मोत्यासारखं, प्रत्येक व्हॉल्व्हवर ठोकलेला नंबर त्याने यादी करून आणलेला. अशी फिर्याद मिळाली की पोलिसाला बरं वाटतं. मलाही वाटलं.

त्या आठवड्यात कारखान्याच्या आवारातलं वाढलेलं गवत काढायला मासवणच्या पलीकडल्या एका पाड्यावरून बायांची टोळी येत होती. सात बाया आणि त्यांची मुकादम. मुकादमबाई पन्नाशीच्या आसपासची, काटक, काळीसावळी, बोलायला कमी. टोळी कामाला आणायची, संध्याकाळी मोजून घरी न्यायची, हे तिचं काम. फिर्यादीच्या दिवशी दुपारी गेटवर झडती झाली आणि गेटच्या आत टेम्पोशी रचलेल्या गवताच्या एका भाऱ्यात एक व्हॉल्व्ह सापडला. भारा कोणाचा, हे कोणालाच सांगता येईना. भारे सगळे सारखेच.

मी पंचनामा केला, महिला पोलीस शिपाई बोलावली आणि आठही जणींना ठाण्यात आणलं. दिवस मावळायच्या आत बायांना सोडावं लागतं, त्यामुळे मी घाईत होतो. घाईत पोलीस जे करतो तेच मी केलं. टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, "कोणी केलं ते सांगा, नाहीतर आठही जणींची नावं लिहितो."

बाया रडायला लागल्या. त्यातल्या एकीच्या कडेवर तान्हं होतं. मुकादमबाई उठली, पदर खोचला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बायांना सोडा, साहेब. मी आनल्या, मी जबाबदार."

"म्हणजे तू केलंस?"

"जबाबदारी माजी. माजा नाव लिवा."

मी लिहिलं. मी तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर ध्यानात घ्यायची मला इच्छा नव्हती. आठ जणींमागे धावण्यापेक्षा एक आरोपी बरा, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

पुढचं सगळं सरळ झालं. जामीन मंजूर झाला, पण पाड्यावरून जामीनदार कुठून येणार? ती तुरुंगात राहिली. मी मुदतीच्या पुष्कळ आधी दोषारोपपत्र पाठवलं. सव्विसाव्या दिवशी आमच्या कोर्टातल्या अंमलदाराचा फोन आला, "साहेब, बाईने कबूल केलं. भोगलेली कैद तीच शिक्षा, वर थोडा दंड." दंड तिच्या बायांनी गोळा करून भरला. महिन्याच्या गुन्हे आढाव्यात वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मी ती फाइल बांधून ठेवली आणि बाईला विसरलो.

दीड वर्षाने ती ठाण्यात आली. तारापूरच्या अणुशक्ती केंद्राच्या वसाहतीत बागकाम आणि झाडलोटीचं कंत्राट निघालं होतं. कंत्राटदाराने हीच टोळी घ्यायची ठरवली होती. पण तिथे आत जायचं तर गेटपास लागतो आणि गेटपाससाठी पोलीस पडताळणी. सातही बायांचे अर्ज स्वच्छ निघाले. आठव्या अर्जावर माझ्याच ठाण्यातून शेरा गेला होता: चोरीच्या गुन्ह्यात दोषसिद्ध. सही माझी.

मुकादमबाईला पास नाही आणि तिच्याशिवाय बाकीच्या जायला तयार नाहीत, असा पेच होता. काम हातचं गेलं तर भात झोडून झाल्यावर सगळ्या घरांना वीटभट्टीवर जावं लागणार, पोरांच्या शाळा तुटणार. हे सगळं तिने मला चार वाक्यांत सांगितलं. विनवणी केली नाही. फक्त विचारलं,

"साहेब, मी तुरुंगात राहिली. दंड भरला. मंग अजून काय भरायचा राहिला?"

"राहिलं काही नाही. पण रेकॉर्डला चोरी आहे."

"भरल्यावर पन?"

"भरल्यावर पण. ती कायमची."

"आमच्यात भरला का मिटला," ती म्हणाली. "मागचा कोनी काढत नाय. काढला तर काढनाऱ्याला दंड."

"तुझ्या पाड्याचा कायदा इथे चालत नाही, बाई," असं म्हणून मी चहा मागवला. माझ्यासाठी. तिला साधं बस म्हणालो नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी मला खबर मिळाली. भंगारवाल्यांच्या गल्लीत चहाची टपरी चालवणारा एक जण अधूनमधून मला काहीबाही सांगायचा. खबऱ्या म्हणजे काळा चष्मा घातलेला माणूस असं वाचकांना वाटतं. प्रत्यक्षात तो बहुधा चहावाला नाहीतर न्हावी असतो, आणि त्याला फक्त कोणाचा तरी राग आलेला असतो.

"साहब, वो स्टोरवाला बाबू है ना, इस्त्रीवाला," तो म्हणाला. "हर शनिवार भंगारवाले के पास आता है. डिब्बा भारी लेके आता है, हल्का लेके जाता है. शाम को तो डिब्बा खाली होना चाहिए ना?"

शनिवारी आम्ही साध्या वेषात थांबलो आणि भंगारवाल्याच्या दारातच स्टोअरकीपरला धरलं. तीन पुडांचा डबा त्याच्या हातात, पण अजून उघडलेला नव्हता. ठाण्यात आणल्यावर तो इतका शांत होता की क्षणभर मलाच वाटलं, चुकीचा माणूस आणला. मी त्याला चोरीबद्दल काही विचारलंच नाही.

"आज डब्यात काय होतं?" मी विचारलं.

"भेंडीची भाजी, चपाती. आमटी. मिसेसच्या हातची."

"काल?"

"काल वालाची उसळ. त्याच्याबरोबर लोणचं होतं कैरीचं."

खोटं बोलणारा माणूस मागितल्यापेक्षा जास्त देतो. खऱ्या माणसाला कालचं जेवण आठवत नाही. मी कारखान्याच्या कँटीनचं रजिस्टर आधीच मागवून ठेवलं होतं. मागचं अख्खं वर्ष तो रोज कँटीनमध्ये जेवला होता, मोत्यासारख्या अक्षरात सह्या करून. मग डबा उघडला. त्याला ना तेलाचा वास ना हळदीचा डाग. आतून ओरखडे, आणि तळात कापडात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह.

तो पाणी प्यायला आणि बोलायला लागला. सुरुवात दोन वर्षांपूर्वीची होती. मोजणीत माल कमी भरणार हे ध्यानात आल्यावर त्याने स्वतःच फिर्याद दिली, म्हणजे संशय आपल्यावर येणार नाही. आणि मग, मी न विचारताच, तो म्हणाला, "त्या दिवशी गेटवर एकदम झडती लागली, साहेब. एक नग डब्यात होता. टेम्पोशी गवताचे भारे पडले होते, त्यात खुपसला."

माझ्या हातातलं पेन थांबलं. भंगारवाल्याकडे त्या जुन्या फिर्यादीच्या यादीतले आणखी व्हॉल्व्ह मिळाले. मी त्याला विचारलं, हे कधी घेतलेस? तो म्हणाला, "ये तो दो साल पहले का माल है, साहब, गणपती से भी पहले का." बायांनी त्या कारखान्याचं गेट पहिल्यांदा पाहिलं ते त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर.

ठाण्याचे प्रभारी अधिकारी मला म्हणाले, "तिने कोर्टात कबूल केलंय ना? मग तुम्ही कशाला आपल्याच दोषारोपपत्राला आग लावता?" पण माणूस भला होता. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "जा. पण जे कराल ते लेखी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाड्यावर गेलो. मुकादमबाई अंगणात नागली पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं, मला थांबायची खूण केली आणि हाका मारून सातही बायांना गोळा केलं. मग मला म्हणाली, "आता परत सांगा. मोठ्यानं."

मी परत सांगितलं. बाया ऐकत होत्या आणि एकेक करून खाली बसत होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "दीड-दोन वरसा झाली, साहेब. आमी एकमेकींच्या तोंडाकडं नीट बघत नव्हतो." आणि ती हमसून रडायला लागली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मुकादमबाईलाही खरं काय ते ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही केलं नव्हतं, तर कबूल का केलं?" मी तिला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणालो होतो.

"मला वाटला, यांच्यातल्या कुनाचा तरी हात लागला असंल."

"मग विचारलं नाही?"

"इचारायचा नसतो."

तिने मग समजावून सांगितलं. पाड्यावरून जो माणसं बाहेर घेऊन जातो, तो त्यांच्या चुकीचाही धनी. कामावर काही बिघडलं तर बैठकीत मुकादम उभा राहतो, चूक माझी म्हणतो, दंड भरतो. तिथे विषय संपतो. चूक कोणाच्या हातून झाली ते कोणी विचारत नाही, कारण ज्याने केली तो ते जन्मभर विसरत नाही आणि पुन्हा करत नाही. कोर्ट म्हणजे मोठी बैठक, अशी तिची समजूत होती. न्यायाधीशांनी विचारलं, ती उभी राहिली. सव्वीस दिवस आत काढले, टोळीचं काम घालवलं, आणि सातपैकी एकीलाही तिने कधी खोदून विचारलं नाही. मी आयुष्यभर माणसांना खोदून विचारण्याचा पगार घेतला. त्या अंगणात मी फार लहान झालो.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"मंग भरा," ती लगेच म्हणाली.

"काय भरू?"

"कोरटात चला. इथं सांगला तसा तिथं सांगा. यांच्यातल्या कुनी केलाच नाय, तर मी कशाचा भरला? माजा नाव साफ करा. पास पायजे आमाला."

आता खरी अडचण सुरू झाली. विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला एक मोफत वकील मिळाली. केळव्याच्या नारळी-पोफळीच्या वाडीवाल्या घरातली तरुण मुलगी, स्कूटरवरून यायची, फाइली नारळाच्या पिशवीत. तिने पहिल्याच भेटीत माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. "साहेब, कायदा असा आहे की गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असेल, तर शिक्षा जास्त आहे की बेकायदा आहे एवढ्यावरच अपील करता येतं. मी दोषीच नाही, असं म्हणायची वाट बंद."

"पण ती निर्दोष आहे."

"ते तुम्हाला माहीत आहे. कागदाला नाही." मग ती म्हणाली, "कबुली ही मुळात कबुलीच नव्हती असं दाखवता आलं, तर एक वाट आहे. आधी कोर्टाच्या कागदांच्या नकला काढू."

नकला यायला तीन आठवडे लागले. न्यायालयाच्या रोजनाम्यात ठरलेलं वाक्य होतं: आरोपीने गुन्हा कबूल केला. पण जबाबाच्या कागदावर त्या न्यायालयातल्या कोणा चोख लेखनिकाने बाईचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवले होते. "होय. बायांना मी आणल्या. जबाबदारी माझी. बायांना त्रास नको." त्याखाली अंगठा. वकीलबाईंनी तो कागद मला तीनदा वाचायला लावला. "यात मी व्हॉल्व्ह घेतला असं कुठे आहे?" तिने विचारलं. कुठेच नव्हतं.

पण तिने मुकादमबाईपासून धोकाही लपवला नाही. समोर बसवून सांगितलं, "मावशी, आता तुमची शिक्षा भोगून संपली आहे. अपील जिंकलं तर खटला पहिल्यापासून उभा राहील. साक्षीपुरावे होतील. तिथे हरलात तर आधीपेक्षा जास्त दिवस आत जावं लागेल. नको वाटलं तर आत्ता सांगा. कोणी तुम्हाला नाव ठेवणार नाही."

"साहेब खरा बोलनार ना?" तिने माझ्याकडे बोट केलं.

"बोलणार," मी म्हणालो.

"मंग टाका."

उशीर झाल्याबद्दल माफीचा अर्ज, अपील, माझं प्रतिज्ञापत्र असं सगळं सत्र न्यायालयात गेलं. सरकारी वकिलांनी विरोध केला, तो त्यांचा धर्मच होता. सुनावणीच्या दिवशी न्यायाधीश महाराजांनी कागदावरून मान वर केली आणि थेट बाईलाच विचारलं, "तेव्हा हो म्हणालात, आता नाही म्हणता. खरं कोणतं?"

"दोनी खरा, साहेब," ती म्हणाली. "तवा मला वाटला, बायांचा धनी कोन ते इचारतात. ती मी. आजपन मीच. पन चोर कोन असा इचारला तर मी नाय."

न्यायाधीशांनी तिचे शब्द लिहून घेतले. कबुली स्वेच्छेची आणि समजून दिलेली नव्हती, असं म्हणून त्यांनी शिक्षा रद्द केली आणि खटला पुन्हा चालवायला खाली पाठवला.

खालच्या न्यायालयात दोषारोप पुन्हा वाचून दाखवला गेला. त्या दिवशी सातही बाया दिवसाची मजुरी सोडून आल्या होत्या आणि त्याबद्दल मुकादमबाई त्यांना दारातच रागावली होती. न्यायाधीश नवीन होते. त्यांनी एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुमच्यावर चोरीचा आरोप आहे. गुन्हा कबूल आहे का?"

तिने मागे वळून सगळ्या बायांकडे पाहिलं, मग समोर.

"नाय. कबूल नाय."

आवाज चढा नव्हता, पण कोर्टाच्या दारापर्यंत ऐकू गेला.

मग मी पिंजऱ्यात उभा राहिलो. मी सरकार पक्षाचा साक्षीदार. स्टोअरकीपरचा गुन्हा, भंगारवाल्याकडला माल, गणपती आणि दसरा, सगळं सांगितलं. शेवटी वकीलबाईंनी उलटतपासात मला एकच प्रश्न विचारला, "अटक करण्यापूर्वी, व्हॉल्व्ह तुम्ही घेतला का, या प्रश्नाचं होय असं उत्तर या बाईंनी तुम्हाला दिलं होतं का?"

"नाही."

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"जे मला हवं होतं ते."

भर कोर्टात असं बोलणं सोपं नसतं. मागे माझ्याच ठाण्यातले दोन शिपाई बसले होते. पण बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. बाई निर्दोष सुटली.

या प्रकरणाने मला एक साधी सवय लावली. पुढे निवृत्त होईपर्यंत कोणी माझ्यासमोर कबूल केलं की मी पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, "कसं केलंस ते सांग." जबाबदारी घेणाऱ्याला ते सांगता येत नाही, करणाऱ्याला येतं. नव्या पोरांनाही मी हेच शिकवलं. आरोपी कबूल करतो तेव्हा तपास संपतो, असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. ते आम्ही आमच्या सोयीने समजून चालतो. आणि निरक्षर म्हणून जिला मी उभं ठेवलं, तिला जबाबदारी या शब्दाचा अर्थ माझ्या अख्ख्या ठाण्यापेक्षा जास्त कळत होता, हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगायला तयार आहे.

नव्या पडताळणीच्या अर्जावर 'आक्षेप नाही' असा शेरा मी स्वतःच्या हाताने लिहिला. कंत्राटदाराने मधल्या काळात दुसरी माणसं लावली होती, पण ती टिकली नव्हती. सोमवारी टोळी कामावर रुजू होणार असं कळलं, म्हणून सकाळी मी तारापूरला वसाहतीच्या गेटवर गेलो. रजा होती, साधे कपडे होते. आठही बाया रांगेत, गळ्यात नवे पास, मुकादमबाई शेवटी. सुरक्षारक्षकाने एकेक पास बघितला, फोटोशी तोंड जुळवलं, आत सोडलं. तिची पाळी आली. त्याने पास उलटसुलट केला आणि म्हणाला, "जा, मावशी."

ती आत गेली आणि थबकली. मला बघून परत दोन पावलं आली. मीही नकळत पुढे झालो, तर रक्षकाने हात आडवा केला.

"साहेब," ती हसून म्हणाली, "तुमचा पास कुठंय?"

माझ्याकडे पास नव्हता. मी बाहेरच राहिलो, आणि मला फार बरं वाटलं.